थ्री-क्वार्टरला डोकं चपटं होतंय?

समोरून झकास दिसणारा तुमचा अ‍ॅनिमेशनमधला पटकेवाला शेतकरी थ्री-क्वार्टरला (म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधोमध, 45 अंशांत) वळवला की पुठ्ठ्यासारखा चपटा होतो आणि पटका घसरल्यासारखा वाटतो, असं लिहिलंय तुम्ही. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं. भुवई-नाक-हनुवटीच्या आडव्या रेषा तुम्ही आखल्याच असतील, ते सोडतो.

घोळ एकच असतो: समोरचं चित्र आडवं दाबून थ्री-क्वार्टर काढणं. वळलेलं डोकं अरुंद होत नाही, उलट रुंद होतं! वरून बघा, डोकं अंडाकृती असतं. कानापासून कानापर्यंत 8 सेंमी असेल तर कपाळापासून मागपर्यंत 10 धरा. 45 अंशांत रुंदी 9 भरते. नाकाचं मूळ मध्यापासून साडेतीन सेंमी सरकतं, अलीकडचा कान मध्याच्या दुसऱ्या अंगाला 2.8 वर येतो, आणि कानामागे 1.7 सेंमी डोकं उरतं. हा मागचा तुकडा गाळला की झालं चपटं.

अंदाजपंचे काढू नका. ग्राफपेपरवर वरून दिसणारं अंडं काढून नाक-डोळे-कानांच्या खुणा करा. ते ट्रेसिंगवर घ्या, मध्यावर टाचणी टोचून 45 अंश फिरवा, खुणांपासून उभ्या रेषा खाली सोडा. समोरच्या चित्रातल्या आडव्या रेषांना त्या छेदतील तिथे तो तो अवयव. हे कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असेल तरच. वरून बघत असेल तर आडव्या रेषाही वाकतात. आणि कार्टूनमध्ये मुद्दाम केलेलं खोटं चालतं, पण आधी खरं काढता यायला हवं. हे माझं मत.

पटक्याला चुंबळ समजा. मागची न दिसणारी कडही काढा, मग खोडा.

डावं चित्र उलटवून उजवं करताना शेमला (पटक्याचं लोंबतं टोक) दुसऱ्या खांद्यावर जातो, तो हाताने परत आणा. एका क्लासने भरमसाट फी घेऊन सॉफ्टवेअरची बटणंच तेवढी शिकवली. असल्या चुका असलेली चित्रांची शीट ‘छान’ म्हणत पास केली. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 12 चित्रं धरली तर असली चूक किती चित्रांत पसरते, करा हिशोब.

जमलं तर वेरूळला जा. 16 नंबरच्या लेण्याच्या अंगणात दगडी हत्ती आहे, सोंड तुटलेली, पण भोवती फिरता येतं. दर 45 अंशांवर थांबून दोन-दोन मिनिटांची आठ स्केचं करा. मंगळवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात.