को-पायलटचे 70 हजार की इन्स्ट्रक्टरचे 30 हजार?

प्रश्न : वय 26, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आहे, उड्डाणाचे 215 तास झालेत. एका विमान कंपनीने निवड केली आणि मग भरतीच थांबवली. शैक्षणिक कर्ज 45 लाख, 11 टक्के, 12 वर्षं. हप्ते पुढच्या महिन्यापासून. दोन नोकऱ्या समोर आहेत. फ्लाइंग स्कूलमध्ये असिस्टंट इन्स्ट्रक्टर : 30 हजार अधिक उड्डाणाच्या तासाला 600, रेटिंगचे (शिकवण्याच्या परवानगीसाठीच्या प्रशिक्षणाचे) 4 लाख मीच भरायचे. मुंबईत चार्टर कंपनीत किंग एअर या छोट्या विमानावर को-पायलट : 70 हजार, टाइप रेटिंगचे (त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचे) 8 लाख मीच भरायचे, दोन वर्षांचा बाँड, महिन्याला साधारण 20 तास. की बाबांची 14 लाखांची एफडी मोडून सरळ ए-320 या प्रवासी विमानाचं रेटिंग करू?

उत्तर : तुमचा हप्ता बसतो सुमारे 56,400 रुपये. त्यातलं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच 41,250. हा आकडा समोर ठेवूनच पुढचं वाचा.

फ्लाइंग स्कूलमध्ये आठ महिने 50 तास आणि पावसाळ्याचे चार महिने 15 तास धरले, तर वर्षाला 6.36 लाख मिळतील. गावात राहण्याजेवणाचे 12 हजार वजा जाता महिन्याला सरासरी 41 हजार उरतात, म्हणजे जवळपास व्याजाइतके. मुंबईत भाडं 25 हजार आणि बाकी खर्च 12 हजार धरला, तर 70 पैकी 33 हजार उरतील. वरचे 8 लाख 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलेत, तर 27 हजार त्याच हप्त्यात जातील. मूळ कर्जाला उरले जेमतेम सहा हजार. पगार दुपटीहून जास्त दिसतो, पण हातात काहीच राहत नाही.

तासांचंही तेच. शिकवताना वर्षाला 460 तास होतात आणि ते लॉगबुकात पी-1, म्हणजे मुख्य वैमानिकाचे तास, म्हणून चढतात. चार्टरमध्ये 240, तेही उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवरून. किंग एअरसारख्या टर्बाइन इंजिनाच्या विमानाचा अनुभव मोलाचा, हे खरं. पुढेही चार्टरमध्येच राहायचं असेल तर माझं मत वेगळं असतं.

ए-320 चं रेटिंग नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय करू नका. रेटिंग झालं आणि महिनोन्‌महिने विमान मिळालं नाही, तर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चाचणी, पुन्हा पैसे.

तेव्हा फ्लाइंग स्कूल. मात्र सही करण्याआधी हँगरमध्ये एक चक्कर मारा. किती विमानं उडती आहेत, किती इंजिन ओव्हरहॉलच्या प्रतीक्षेत उभी आहेत आणि एका विमानामागे इन्स्ट्रक्टर किती, हे बघा. पन्नास तासांचं आश्वासन बहुतेक वेळा इथेच फसतं. पावसाळ्यातला किमान पगार लेखी घ्या. बाँड असेल तर रक्कम दर महिन्याला कमी होत जाणारी हवी. कोरे चेक आणि मूळ लायसन्स कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

एफडीतून 4 लाख रेटिंगला जाऊ द्या. हप्त्यातली तूट महिना 15,400, म्हणजे वर्षाला 1.85 लाख; तीही तिथूनच. आधी बँकेकडे वर्षभर फक्त व्याज भरण्याची मुभा मागा. मुदत 15 वर्षं करून घेतलीत तर हप्ता जेमतेम 5,260 ने उतरतो आणि एकूण व्याज पावणेअकरा लाखांनी वाढतं, म्हणून तो शेवटचा पर्याय. उरलेल्या एफडीतून मल्टी-इंजिन आयआरच्या (एकाहून जास्त इंजिनांचं विमान फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याच्या रेटिंगच्या) वार्षिक चाचणीचे पैसे बाजूला काढा. सिंगल-इंजिनवर शिकवता शिकवता ते कौशल्य हातचं जातं, आणि पुढे मुलाखतीला तेच विचारतात.

करासाठी जुन्या पद्धतीकडे जाऊ नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट फक्त तिथे मिळते, पण 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच लागत नाही. तासांच्या मानधनावर 10 टक्के टीडीएस कापला, तर विवरणपत्र भरून परत घ्या.

आणि 50 लाखांचा टर्म इन्शुरन्स. बाबा सहकर्जदार असतील, तर हा आजच काढा. अर्जात विमान उडवायला शिकवतो असं स्पष्ट लिहा, प्रीमियम थोडा वाढला तरी. नुसतं ‘नोकरी’ लिहून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी अडते.