वसुली सोडून मेस टाकू काय?

दर्यापूर तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलं. वय 37, बीकॉम झालेले, आठ वर्षांपासून एका प्रायव्हेट कंपनीसाठी बायांच्या गटाच्या कर्जाची वसुली करतात. बायको आशा सेविका, पोरगी आठवीत. घरचा स्वयंपाक बहुतेक तेच करतात. विचारतात, नोकरी सोडून तालुक्याला डब्याची मेस टाकू काय? वडील म्हणतात, पोट्ट्यानं आता चूल फुंकायची तेवढी राह्यली होती.

भाऊ,

चार पानांचं पत्र, त्यात तीन पानं नुसतं जेवण अन् नोकरीवर जेमतेम अर्धं पान, तिथंच मला निम्मं समजलं. पहाटे पाचला उठून भाकरी थापणं, पोरीच्या डब्यात आलूची भाजी कारण ती अंबाडीला तोंड लावत नाही, रात्री वरणावर फल्लीच्या तेलात लसणाची फोडणी अन् वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. आणि ते दाळीचं पाणी! खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात तुरीची दाळ कितीही शिट्ट्या द्या, टणकच राहते, म्हणून नळाचं गोडं पाणी वेगळ्या गुंडात झाकून ठेवता अन् त्याला कोणाला हात लावू देत नाही, हे वाचून मी एकटीच हसली.

पण माझं मन अडकलं त्या अर्ध्या पानात. हप्त्यासाठी तुम्ही गटातल्या एका बाईच्या घरी गेले, ती चुलीसमोर बसलेली, परातीत शेवटचा उंडा, म्हणे साहेब आधी भाकर खा, मंग बोलू. तुम्ही टोपल्यात पाह्यलं तर दोनच भाकरी, घरात माणसं चार. तुम्ही तसेच उठले अन् तिचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरला, आणि लिहिता की असं याआधीही चार-पाच वेळा केलं.

हे आधी बंद करा बापा. पगारातून दुसऱ्याचे हप्ते भरणारा माणूस त्या नोकरीत टिकत नाही, हे तर झालंच. हप्ता आठवड्याचा अन् कापूस घरात येते दिवाळीच्या आसपास, मधल्या महिन्यांत त्या बाईजवळ पैसा येईल कुठून? तो घोळ तुमच्या खिशानं नाही मिटत. तुम्हाला कंटाळा आला तो वसुलीचा, नोकरीचा आला का हे मात्र पत्रात कुठं दिसत नाही. बीकॉम माणसाला जिनिंगमध्ये, पतसंस्थेत, कृषी केंद्राच्या हिशोबात बसायचं काम मिळू शकते, तेही विचारून पाहा, मेस एके मेस करू नका.

आता मेसचं. मी स्वतः नऊ वर्षं अमरावतीला पोरांची मेस चालवली, म्हणून खरं सांगते. पहिल्यांदा जाते ती आपली भूक. चाळीस ताटं वाढून झाल्यावर आपण उभ्यानं थंडी पोळी लोणच्यासंग खातो अन् झोपतो. अंबाडी विसरा, रोज आलू, मटकी, पत्ताकोबी, कारण तेच परवडते. आणि भाऊ, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेसमध्येही वसुली असते! काकू पुढच्या महिन्यात देतो म्हणणारा पोरगा परीक्षा झाली की बॅग घेऊन रात्रीतून गायब, मी त्याच्या मागं कुठं फिरू? माझे असे बरेच पैसे बुडाले. ज्या कामापासून पळता ते इथंही दारात उभं राहीन. म्हणून पहिल्या दिवसापासून पैसे अॅडव्हान्स घ्यायचे, महिन्याचे किंवा निदान पंधरा दिवसांचे, अन् ओळखीच्यालाही सूट नाही. तुमचा स्वभाव पाहता हेच सर्वात जड जाईन.

हिशोब तुम्ही लिहिलाच नाही, मीच करते. समजा 20 डबे, 70 रुपयांनी, महिन्यात 25 दिवस, तर 35 हजार येतात. त्यातून किराणा, भाजी, गॅस, डबे पोचवायचं पेट्रोल. वर हाती 12-14 हजार राह्यले तरी पुष्कळ, आणि तुमचा पगार 18 हजार आहे. घरचं 14.2 किलोचं सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचं कमर्शियल लागते, ते किती महाग पडते ते एजन्सीत विचारून या. अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, ती काही अडचण नाही. कोणी म्हणेन सरकारी मुद्रा योजनेचं कर्ज घ्या, त्याच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत विनातारण मिळते. मी म्हणते पहिलं वर्ष घेऊच नका. कर्जाचं दुसरं टोक तुम्ही रोज पाहता.

राजीनामा देऊ नका. तालुक्याला एकटे राहणारे मास्तर, बँकेतले लोक असतातच, त्यातले पाच गाठा अन् दोन महिने फक्त रात्रीचा डबा द्या. सहावा आला तर हात जोडून नाही म्हणायचं. वहीत रोजचा खर्च लिहा, स्वतःच्या मेहनतीचेही पैसे धरा, आणि चाळिसाव्या दिवशी भाकरी थापताना जीव किती वैतागला तेही एका ओळीत लिहा.

वडिलांचं मनावर घेऊ नका. गावच्या लग्नात आलू-वांग्याची भाजी कोण करते? आचारी, अन् तो पुरुषच. वावरात रोडग्यांची पार्टी असली की गोवऱ्या पेटवायला हेच वडील सर्वात पुढं असतील, पैज लावते.

आणि अख्ख्या पत्रात वहिनी काय म्हणतात हे एका शब्दानं नाही. आशाचं काम म्हणजे वेळ-अवेळ फिरणं, मानधन कधी येते कधी लांबते. तुमचा पगार थांबला तर घर त्यांच्यावर येईन, अन् सकाळचा स्वयंपाक तुम्ही बाहेरच्यांसाठी करत असले तर घरचा कोण करीन? आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना विचारा, त्या काय म्हणतात ते मला लिहा. आणि अंबाडीत तुम्ही कण्या टाकता की तांदूळ, तेही लिहा, आमच्या घरी यावरून अजून भांडण आहे.

तुमची,
काकू