स्लीप हे त्रिकूट का फुटले: एका तासाच्या गाण्याची हकिकत

आपण विचारले आहे की, 'स्लीप' या अमेरिकी हेवी मेटल बँडसारखे त्रिकूट आपले सर्वांत मोठे काम हातावेगळे केल्यावर लगेच कसे फुटले, आणि त्यामागे आपापसांतले भांडण होते की गांजाचे व्यसन. माझ्या मते ही दोन्ही कारणे गौण आहेत. ज्या एका गाण्यात (पुढे 'डोपस्मोकर' नावाने निघालेल्या) तिघांनी उमेदीची वर्षे घातली ते रेकॉर्ड कंपनीकडे अडकून पडले, आणि त्याला मागे टाकून पुढे जाणे तिघांनाही जमले नाही.

हा बँड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे 1990 च्या सुमारास, 'ॲस्बेस्टॉसडेथ' नावाच्या आधीच्या बँडमधून उभा राहिला. सुरुवातीला ते चौघे होते: बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवणारे आणि गाणारे अल सिस्नेरोस, गिटारवर मॅट पाइक आणि जस्टिन मार्लर, ड्रमवर ख्रिस हाकियस. 1991 च्या 'व्हॉल्यूम वन' या पहिल्या अल्बमनंतर मार्लर बँड सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात दाखल झाले. उरलेल्या तिघांनी दुसरा गिटारवादक शोधला नाही, आणि स्लीपचा जो आवाज आज आपण ओळखतो तो या निर्णयातून घडला. एकच गिटार असली की ती सोलोकडे (एकट्याच्या वादनाकडे) वळताच रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, सांभाळण्याची सगळी जबाबदारी बेसवर येते. म्हणून सिस्नेरोस यांचा बेस मागे राहून साथ देत नाही. तो जाड, किंचित फाटलेल्या आवाजात रिफ स्वतःच वाहून नेतो. चार जणांच्या बँडमध्ये एखाद्याचा हात ढिला पडला तरी झाकून जाते, त्रिकुटात मात्र लगेच पोकळी ऐकू येते.

त्यांना 'रेट्रो', म्हणजे जुन्या वळणाचे, म्हटले जाते ते ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांच्या प्रभावामुळे. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधील बऱ्याच गाण्यांत तारा नेहमीपेक्षा दीड सुराने उतरवल्या होत्या. स्लीपने त्या दोन सुरांनी उतरवल्या. तार सैल झाली की आवाज खोल जातो, आणि फझमुळे (गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या उपकरणामुळे) तो लवकर विरत नाही, त्यामुळे दोन स्वरांमध्ये थांबायला जागा मिळते. या जागेचा उपयोग स्लीपइतक्या धीराने फार थोड्या बँडनी केला आहे. केवळ नक्कल करणाऱ्यांना सॅबथचे रिफ मिळाले, पण त्यांचा संथपणा मिळाला नाही, असे माझे जुने मत आहे.

'स्लीप्स होली माउंटन' या पुढच्या अल्बमचे ध्वनिमुद्रण त्यांनी ब्रिटनमधील 'इअरेक' या कंपनीकडे पाठवले आणि कंपनीने ते जवळजवळ जसेच्या तसे 1992 मध्ये बाजारात आणले. त्यातून नाव झाले, दौरे झाले आणि मग 'लंडन रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीशी करार झाला. सिॲटल शहरातील ग्रंज रॉक बँडच्या लाटेनंतर मोठ्या कंपन्या जड आवाजाचे बँड शोधतच होत्या. मात्र या तिघांच्या डोक्यात तोवर एकच गाणे घोळत होते, ते दौऱ्यांच्या काळातच लांबत गेले होते आणि त्याची लांबी तासाभराच्या घरात पोहोचली होती.

1996 मध्ये निर्माते बिली अँडरसन यांच्यासोबत ते ध्वनिमुद्रित झाले. टेपच्या एका रिळावर एवढे मोठे गाणे मावत नसल्यामुळे ते तुकड्यांत वाजवून जोडावे लागले, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जी लय होती तीच पुढच्या तुकड्याच्या आरंभी हातात असणे भाग होते. हाकियस यांचे ड्रम या दृष्टीने मुद्दाम ऐकावेत. त्यांत सांधा जाणवत नाही.

कंपनीपुढे मात्र रेडिओला देता येईल असे काहीच आले नाही: संपूर्ण अल्बम म्हणजे एकच गाणे, त्यातही गायन सुरू व्हायला आठ मिनिटांहून अधिक वेळ, आणि शब्दांत गांजाच्या भक्तांचा वाळवंटातून चाललेला तांडा. ध्वनिमुद्रणाचे वेगळे मिश्रण (मिक्स) करून पाहिले गेले, तेही तिघांना मान्य होण्याजोगे नव्हते, आणि शेवटी कंपनीने ते प्रकाशित केले नाही. कंपनीचा हिशेब मला समजतो, तरीही तो निर्णय चुकीचा होता असेच मी म्हणेन, कारण ज्यांनी 'होली माउंटन' ऐकून करार केला त्यांना हे लोक कोणत्या दिशेने चालले आहेत हे दिसायला हवे होते. गाणे बाहेर येत नाही, आणि ते बाजूला ठेवून दुसरे करायला मनही तयार नाही, अशा अवस्थेत त्रिकूट 1998 च्या सुमारास विखुरले. पाइक यांनी त्याच वर्षी 'हाय ऑन फायर' हा बँड सुरू केला. सिस्नेरोस आणि हाकियस काही वर्षांनी 'ओम' या बँडमध्ये पुन्हा एकत्र आले, तेही गिटारशिवाय, फक्त बेस आणि ड्रम घेऊन.

ते गाणे 1999 मध्ये 'जेरुसलेम' या नावाने सुमारे 52 मिनिटांच्या रूपात निघाले, आणि 2003 मध्ये 'टी पी रेकॉर्ड्स'ने 63 मिनिटांची आवृत्ती 'डोपस्मोकर' या नावाने काढली. 2009 मध्ये तिघे इंग्लंडमध्ये पुन्हा एका मंचावर आले. त्यानंतर हाकियस थांबले आणि 'न्यूरोसिस' या बँडचे जेसन रोडर ड्रमवर आले. 20 एप्रिल 2018 रोजी अचानक 'द सायन्सेस' हा अल्बम आला. तो उत्तम आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

त्यासाठी 2003 ची आवृत्ती घ्यावी, तुकडे पाडलेल्या 'जेरुसलेम'पासून सुरुवात करू नये, आणि शक्यतो मोठ्या स्पीकरवर ऐकावे, कारण छोट्या स्पीकरमधून बेसचा निम्मा भाग नाहीसाच होतो. सुरुवातीला गिटार एकटीच असते आणि तिचा स्वर लांबत राहतो. मग बेस आणि ड्रम येतात, रिफ तसाच राहतो, फक्त त्याचे वजन बदलते. सिस्नेरोस यांचा पहिला शब्द येईपर्यंत गाणे पुढे सरकवू नये.