मराठी बायबलमधला ‘द्राक्षारस’ म्हणजे नुसता फळांचा रस होता का?

नाही, ते आंबवलेले मद्यच होते. ‘द्राक्षारस’ या सोज्वळ शब्दामुळे गैरसमज होतो. मूळ हिब्रू ‘यायिन’ हा शब्द मात्र उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात नोहा जे पिऊन धुंद झाला त्यासाठीच आलेला आहे. द्राक्षे खडकात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवली जात आणि उष्ण हवेत रस लवकर आंबू लागे, त्यामुळे तो पुढील हंगामापर्यंत गोड राखणे फार कठीण होते. ग्रीक-रोमन काळात यहुद्यांमध्येही मद्यात पाणी मिसळण्याची रीत रूढ होती. मक्काबींचे दुसरे पुस्तक या प्राचीन यहुदी ग्रंथाच्या शेवटी तर निव्वळ मद्य किंवा निव्वळ पाणी पिणे अपायकारक, मिश्रण मात्र सुखद, असे स्पष्टच म्हटले आहे. निषेध होता तो धुंदीचा. मद्य पूर्ण वर्ज्य होते ते नाजीर व्रत (स्वतःला देवाला वाहून घेण्याचे व्रत) घेतलेल्यांना आणि दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूत, सेवेसाठी शिरताना याजकांना (पुरोहितांना).