सॉफ्टवेअरवाला दाद देत नाही तेव्हा

भाऊ, डाळमिलच्या बिलिंगला नवीनच बसलायस म्हणून सांगतो. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ एवढंच कळवलंस, तर समोरचा ‘बंद करून चालू करा’ म्हणेल आणि तक्रार निकालात काढेल.

समज, १,००१ रुपयांचं बिल, जीएसटी ५ टक्के. प्रिंटवर कर ५०.०५ येतो, रिटर्नच्या फाइलमध्ये ५०.०६. का? एकीकडे एकूण कर काढलाय, दुसरीकडे केंद्राचा अर्धा (सीजीएसटी) आणि राज्याचा अर्धा (एसजीएसटी) वेगवेगळा काढून प्रत्येकी २५.०२५ चे २५.०३ केलेत. हे असं आकड्यांनिशी लिही. सोबत बिल नंबर, व्हर्जन, कोणतं बटण दाबलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आणि अख्ख्या स्क्रीनचा फोटो. पार्टीचं नाव मात्र झाक. एका मेलमध्ये एकच तक्रार. फोनवर बोललास तरी तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय ठेवू नको. फोनवरचा गोडवा काही कामाचा नाही भो!

जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं मासिक रिटर्न, त्याची मुदत दरमहा ११ तारखेला. १० ला फोन केलास तर लाइन लागणारच नाही. पहिल्या आठवड्यातच रिटर्न तपासून घे. एनीडेस्कवरून, म्हणजे लांबूनच, आपला कॉम्प्युटर सॉफ्टवेअरवाल्याच्या हाती द्यायच्या आधी बॅकअप, आणि तो काम करत असताना चहाला उठायचं नाही.

जळगावच्या दाणाबाजारात तेच सॉफ्टवेअर वापरणारे दोन-चार मुनीम गाठ. सगळ्यांनी एकच चूक कळवली की ‘तुमच्याकडेच प्रॉब्लेम आहे’ हे पालुपद थांबतं. तरीही ढिम्म राहिले, तर एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण येऊ दे. चेकवर सही होण्याआधी शेठजींच्या हातात प्रलंबित तिकिटांची यादी ठेव.