सिनेमातली नर्स खोटी का वाटते? ती खरी कशी लिहावी?

तुम्ही शॉर्टफिल्म लिहिताय म्हणून विचारलंत. सरकारी हॉस्पिटलात ३१ वर्षं नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेय, म्हणून राहवलं नाही. खोटी वाटते कारण लिहिणारा तिला कामच देत नाही. ट्रे घेऊन उभं राहायचं, 'पेशंट को होश आ गया' म्हणत पळायचं, नाहीतर शेवटी तोंडावर चादर ओढून मान खाली घालायची.

त्या चादरीचंच सांगते. १९९६ साली मेल मेडिकलला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डात, नाईट होती. खाटा ४०, खाली गाद्यांवर आणखी आठ-दहा जण, आणि ड्यूटीला मी आणि वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय. पहाटे तीनला एका आजोबांचा श्वास थांबला. डॉक्टर कॅज्युअल्टीत विष घेतलेल्या पेशंटपाशी अडकलेले. मी छाती दाबतेय, मामा अँब्यू, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, दाबतायत. डॉक्टर धावत आले, आणखी वीस मिनिटं केलं, पण आजोबा गेले. डॉक्टर परत कॅज्युअल्टीत. सिनेमात इथे इंटरव्हल होतो. मी सलाईन काढलं, कॅथेटर काढला, डोळे मिटले, हनुवटी बांधली, पायाचे अंगठे बांधले, अंग पुसलं, नावाची चिठ्ठी लावली, नोट्स लिहिल्या. मधेच शेजारच्या खाटेवरचे काका पाणी मागत होते, तेही दिलं.

डिसेंबर होता. सकाळी मुलगा बापाला वॉर्डच्या लाल ब्लँकेटात गुंडाळून टेम्पोतून घेऊन गेला. त्याच्याकडे ब्लँकेट कुठल्या तोंडाने मागणार? सकाळच्या सिस्टरने ओव्हर, म्हणजे वॉर्डचा ताबा, घेताना मोजलं, एक कमी. मला मेमो आला, पगारातून पैसे कापले.

घरी सांगितलं तर आमचे भाऊजी म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुमचं काम चादरी मोजायचं!" हेच भाऊजी टीव्हीवर मॉनिटरवरची हिरोच्या हृदयाची रेघ सपाट झाली, डॉक्टरने शॉक दिला आणि हिरो उठला की डोळे पुसतात. मी म्हटलं, सपाट रेघेला शॉक देत नाहीत. छाती दाबत राहायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. तर म्हणे, "तुम्ही डॉक्टर आहात का?" नाही. पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मनगटं माझी दुखत होती, आणि त्या पोळ्या भाऊजीच खात होते.

चांगलं काही बघायचं असेल तर 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' बघा. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला ग्रां प्री पुरस्कार मिळालेला सिनेमा. मुंबईतल्या दोन मल्याळी सिस्टर आहेत, एका खोलीत राहतात, त्यांनाही भाड्याची ओढाताण असते. छाया कदमची पार्वती हॉस्पिटलात स्वयंपाक करते. कोकणातली बाई, घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर हाकलतोय. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या बाईला नाव-गाव देणारे किती सिनेमे बघितलेत तुम्ही?

हे सगळं सरकारी जनरल वॉर्डाचं हं. खाजगी आयसीयूत मॉनिटर असतात, माणसं जास्त असतात, तिथलं तिथल्या सिस्टरना विचारा. आणि डॉक्टर सगळे सिनेमातल्यासारखे नसतात. त्या मेमोचं उत्तर मला त्या रात्रीच्या डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. उपयोग झाला नाही, तो भाग वेगळा.

तुम्ही चादर ओढायचा सीन घेणारच असाल, तर पुढे सकाळी दोघी सिस्टर ब्लँकेटं मोजताना दाखवा. आणि घरी सोफ्यावर रिमोट घेऊन बसलेला एक दीर ठेवा. त्याला संवाद देऊ नका.