पासवर्ड आधी परत द्या

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू आहे, सराव परीक्षेत गुण बरे पडतात. पण ती तासन् तास घरातले, बाहेरचे आवाज रेकॉर्ड करते आणि फ्रीसाउंड नावाच्या ऑनलाइन ध्वनिसंग्रहाला फुकट देऊन टाकते. तिथेही तिचं एक रेकॉर्डिंग नापास झालं, कारण मागे टीव्हीवर गाणं चालू होतं. मग तिने ते पुन्हा केलं. परीक्षा होईपर्यंत मी तिच्या खात्याचा पासवर्ड बदलून ठेवला आहे, परीक्षा झाली की तो परत देईन. वेळ कसा वाया जातो ते कळावं म्हणून तिने लिहिलेल्या काही वर्णनांच्या प्रिंट सोबत जोडत आहे. यातून पुढे पैसे मिळतील का? मिळणार नसतील तर हे कसं सोडवावं?
– एक पालक

उत्तर : गुणांबद्दल तुमच्या पत्रात अर्धं वाक्य आहे आणि तेही समाधानाचं. मग अडलंय कुठे? मला काळजी वाटली ती पासवर्डची. सतरा वर्षांच्या मुलीचं खातं तिला न विचारता बंद करणं याला शिस्त म्हणत नाहीत. तिने मनात आणलं तर दुसरं खातं उघडायला तिला पाच मिनिटं लागतील. फरक एवढाच, की या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही. आतापर्यंत सांगत होती. एक रेकॉर्डिंग नाकारलं गेलं आणि का नाकारलं, हे तुम्हाला कळलं कसं? तिनेच सांगितलं असणार. या वयातलं मूल आपली फजिती आपणहून बापाला सांगतं, हे किती घरांत घडतं याची तुम्हाला कल्पना नसावी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांची तक्रार नेमकी उलटी असते.

आणि ते नापास होणं नव्हे. नव्या सदस्याच्या फाइली तिथे आधी माणसं तपासतात, मगच त्या सगळ्यांना दिसतात. दुसऱ्याचं गाणं आत आलं की फाइल परत जाते. तिने कारण समजून घेतलं, टीव्ही बंद केला आणि काम पुन्हा केलं. नोकरीत याच गोष्टीचा पगार मिळतो.

आता तुमच्या पुराव्याकडे येते. एका रेकॉर्डिंगखाली तिने लिहिलंय : ‘लोखंडी कठडा, नखाने टिचक्या, हळू ते जोरात. मायक्रोफोन वीतभर अंतरावर. मागे पंख्याची घरघर आहे, काढलेली नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.’ दुसऱ्या एका ठिकाणी : ‘मध्ये दोघांचं बोलणं होतं. त्यांना विचारलेलं नव्हतं, म्हणून तेवढा भाग कापला.’ काय वाजलं, कशाने वाजलं, माइक कुठे होता, रेकॉर्डिंग किती बारकाईने साठवलं (ते किलोहर्ट्झ आणि बिटचे आकडे), कोणता दोष तसाच ठेवला आणि कोणता भाग का कापला, हे सगळं कुणी न सांगता लिहिलंय. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं प्रयोगवहीत ‘निरीक्षणे अपेक्षेप्रमाणे आली’ एवढं खरडून मोकळी होतात. आणि ‘विचारलेलं नव्हतं, म्हणून कापला’ हे वाक्य तर कृपया तुम्ही स्वतः एकदा सावकाश वाचा.

‘फुकट देऊन टाकते’ हा तुमचा समज मात्र दूर करायला हवा, कारण सगळा राग त्यावरच उभा आहे. फुकट दिलं म्हणजे हक्क गेला, असं होत नाही. फाइल चढवताना ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे सांगणाऱ्या तयार परवान्यांपैकी एक निवडते. श्रेयासह वापराचा परवाना निवडला, तर कुणीही तो आवाज चित्रपटात, गेममध्ये वापरू शकतं, पण तिचं नाव द्यावं लागतं. कॉपीराइट तिचाच राहतो. दुसरा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो. तिसरा पर्याय, सीसी शून्य, म्हणजे मात्र खरोखर हक्क सोडणं, तिथे नाव द्यायचंही बंधन नाही. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. फाइल उद्या काढून टाकली तरी ज्यांनी आधी उतरवून घेतली त्यांचा हक्क कायम राहतो. म्हणजे खातं बंद करून परत काहीच येत नाही. तेव्हा तिला विचारायचा प्रश्न ‘फुकट का देतेस?’ हा नाही. ‘यातला कोणता परवाना निवडलास आणि का?’ असं विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

पालक म्हणून बघण्यासारख्या गोष्टीही आहेत, त्या तुमच्या पत्रात आल्याच नाहीत. रेकॉर्डिंगला नकाशावरचं ठिकाण जोडायची सोय असते. घरातल्या आवाजांना ते जोडू नये. खात्याचं नाव खरं नसावं. हे दहा मिनिटांचं बोलणं आहे, तिच्या शेजारी बसून करा.

पैशांचं स्पष्ट सांगते : आवाज चढवून पैसे मिळत नाहीत, डाउनलोडचा आकडा पगार होत नाही. जे यातून ‘चॅनेल काढा, कमवा’ म्हणतात त्यांच्या नादी लागू नका. तरी या कामाला किंमत आहे, ती वेगळ्या ठिकाणी. हा संग्रह २००५ मध्ये बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी सुरू केला. संगणकाला आवाज ओळखायला शिकवण्यासाठी २०१५ मध्ये ईएससी-५० नावाचा संच आला : पाच-पाच सेकंदांचे २००० तुकडे, पाऊस, कुत्र्याचं भुंकणं, दारावरची टकटक. ते सगळे याच संग्रहातून उचललेले. २०२० मध्ये त्याच विद्यापीठाने ५१,१९७ फाइलींचा संच केला, तोही इथूनच. असे संच उभे राहतात ते कुणीतरी फुरसतीत कठडा वाजवून खाली नीट लिहून ठेवतं म्हणून. ‘मस्त आवाज’ एवढंच लिहिलेल्या फाइलीचा कुणाला उपयोग नसतो.

म्हणून तिने याच क्षेत्रात जावं असं मी म्हणत नाही. वर्षभरात तिचा छंद बदलेलही. प्रवेश परीक्षा ती देत आहेच, देऊ द्या. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र, कुठूनही ध्वनीच्या कामाकडे जाता येतं आणि चित्रपट संस्थांच्या ध्वनी अभ्यासक्रमांच्या परीक्षा वेगळ्या असतात. रेकॉर्डिंगला वेळ किती द्यायचा हे परीक्षेपुरतं ठरवून घ्या, पण ठरवताना तिला समोर बसवा आणि तिने सांगितलेला आकडा आधी ऐका.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. ते तुम्ही आधी वाचायची गरज नाही.